सर्कशीतला आचारी आणि वालाच्या शेंगा

परवा पनवेलच्या मार्केटबाहेर वालाच्या शेंगांचे ढीग दिसले आणि मी स्कूटर बाजूला घेतली. शेंगांशेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या होत्या. तो उग्र वास एकदा नाकात गेला की आमच्याकडे थंडी आली असं धरायचं, मग घरात पंखा चालू असेना का. मी एक शेंग मोडून दाणा बघत होते, तर विकणारी मावशी म्हणाली, "बघतेस काय, आपटा गावची शेंग हाय. गोड नाय लागली तं उद्या मना परत आनून दे."

मी दोन किलो घेतल्या. येताना मनात आलं, शिफारस म्हणतात ती हीच. आपल्याला जे गोड लागलं ते समोरच्यालाही लागेल, अशी स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली खात्री. हा उद्योग मी कित्येक वर्षं फुकटात करत आले आहे. शेंगांचा नाही; पुस्तकांचा, गाण्यांचा आणि सिनेमांचा.

मी फार्मासिस्ट आहे. जुन्या पनवेलात एका मेडिकलमध्ये काउंटरच्या मागे माझा दिवस जातो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मी सख्ख्या मैत्रिणीलाही देत नाही. पुस्तक मात्र कुणी न मागता देते. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये आहे असं कळलं की माझ्या डोळ्यांपुढे जाड कादंबऱ्या येतात. मुलगा बारावीला असलेली आई ॲसिडिटीची गोळी घ्यायला आली की मी तिला हमखास हसवणारा एखादा सिनेमा सांगते. रात्री झोप लागत नाही म्हणणाऱ्या एका रिक्षावाल्याला मी सरोदचा एक अल्बम लिहून दिला होता. त्याने तो ऐकला आणि आणखी जागा राहिला, पण तक्रार केली नाही, उलट दुसरा मागायला आला.

माझी एक पद्धत आहे. सुट्या गोळ्या घालून द्यायला आमच्याकडे छोटी कागदी पाकिटं असतात, वर सकाळ, दुपार, रात्र असं छापलेलं. गोळी कधी घ्यायची त्यावर आम्ही खूण करतो. तसलं एक रिकामं पाकीट मी प्रत्येक पुस्तकात खूण म्हणून घालते आणि वर मात्रा लिहून देते. 'रात्री झोपताना एक प्रकरण.' 'गरज लागेल तेव्हा.' 'कोर्स पूर्ण करावा.' लोक हसतात, पाकीट जपून ठेवतात. माझा नवरा निलेश म्हणतो, "हिच्याकडे खोकल्याला गेलं तर माणूस कादंबरी घेऊन घरी येतो."

त्याचं म्हणणं खरं आहे. आणि आणखी एक खरं आहे, जे तो भल्या मनाने बोलत नाही. पुस्तक देऊन झालं की मला धीर नसतो. तिसऱ्या दिवशी मी विचारते, "वाचलं?" पाचव्या दिवशी विचारते, "कुठवर आलं?" समोरच्याने नुसतं 'छान आहे' म्हटलं की मला राग येतो. छान म्हणजे काय? कुठे छान? एखादं वाक्य सांग, एखादा माणूस सांग. 'छान आहे' हे न वाचणाऱ्यांचं उत्तर, असं माझं पक्कं मत होतं. एका थंडीत ते मत बदललं, म्हणून तर वालाच्या शेंगा दिसल्या की मी जरा जपून बोलते.

ती माझ्या लग्नानंतरची पहिली थंडी. मी पनवेल शहरात वाढलेली, सासर गव्हाणचं. सकाळी खाडीकडून धुकं यायचं आणि दहा वाजले तरी हलायचं नाही. भात कापून झालेल्या शेतात वाल हिरवेगार पसरलेले. उलव्याच्या बाजूला डोंगर फोडायचा सुरुंग उडाला की आमच्या खिडकीची काच थरथरायची आणि उरणच्या रस्त्यावरच्या कंटेनरची धूळ ओट्यावर बसायची. ती धूळ रोज सकाळी माझे सासरे झाडून काढत. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. दादा लहानपणी वडिलांबरोबर मिठागरात राबलेले, पुढे बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले. सासूबाई आमच्या लग्नाच्या वर्षभर आधी गेल्या. मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं, आणि त्या फोटोत त्या अजिबात हसत नाहीत.

निलेश बंदरात शिफ्टला. त्यामुळे जेवायला पुष्कळदा मी आणि दादा दोघंच. ते बोलत नसत. तुटक किंवा रागीट नाही, पण त्यांच्याकडे शब्दच मोजके असावेत. "भात घे." "आमटी बरी हाय." "जा सावकाश." मी दिवसभर शंभर लोकांशी बोलून घरी यायची आणि या माणसासमोर माझी बोलतीच बंद व्हायची. या घरात दुसरी बाई नाही. हा माणूस आपला झाला नाही तर हे घर आपलं कसं व्हायचं, ही काळजी मला त्या थंडीत सतत होती. निलेशला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, दादा माझ्याशी तरी कुठे बोलतात?" याने मला काही धीर आला नाही.

मग मी मला येतं तेच केलं. एक कादंबरी नेऊन दादांपुढे ठेवली. सर्कशीत आचारी असलेल्या एका माणसाची गोष्ट होती. गाव सोडून पळालेला, तंबूबरोबर फिरणारा, वाघांपासून विदूषकांपर्यंत सगळ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळणारा. माझी अतिशय लाडकी. पाकिटावर 'दुपार' समोर खूण केली आणि गंमत म्हणून लिहिलं, 'रोज एक पान, जेवणानंतर.' दादांनी पाकीट चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि पुस्तक उशाशी ठेवलं.

आठ दिवसांनी मी दुकानात निघाले असताना त्यांनी मला हाक मारली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत, वर पुन्हा रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट होती. वर काही लिहिलेलं नाही. "ही आयक," ते म्हणाले. "बरी हाय."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. दुकानात जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या सासऱ्यांनी मला अल्बम रेकमेंड केलाय. पण कॅसेट ऐकायची कशावर? माहेरचा प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. दोन ठिकाणी विचारलं, लोक हसले. मग ती कॅसेट काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, थर्मामीटरच्या डब्याशेजारी पडून राहिली. आज बघू, उद्या बघू. असतील कुठली तरी भजनं, असंही मनात आलं, ते लपवत नाही.

दरम्यान माझा धीर सुटत चालला होता. सकाळी दादा ओटा झाडत असताना मी हळूच जाऊन पाकीट कुठे आहे ते बघायची. पान नऊ. पान चौदा. तीन आठवडे झाले तरी पान एकवीस. दादांना वाचताना मी एकदाही पाहिलं नाही. मी मनाशी ठरवलं, यांना काही हे आवडलेलं नाही, माझं मन राखायला पाकीट पुढे सरकवतायत. मला ते लागलं. नेमकं त्याच आठवड्यात विचुंब्याला राहणाऱ्या देशमुखबाई दुकानात आल्या. निवृत्त शिक्षिका, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, काहीतरी वाचायला दे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी दादांच्या उशाशी असलेलं पुस्तक उचललं, पाकीट काढून तिथेच ठेवलं आणि पुस्तक बाईंना देऊन टाकलं. दादांना विचारलं नाही. दादांनीही विचारलं नाही.

मग एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "आयकलीस?"

मला वाटलं होतं ते विसरले असतील. "हो," मी म्हणाले. "छान आहे."

दादांनी घास तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे एवढं नीट पहिल्यांदाच पाहिलं असावं. "शेवटी काय बोलली ती? आयकलंस?"

"कोण?" मी विचारलं.

तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं की आपण पकडले गेलो. दादांनी भात संपवला, ताट उचलून मोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून परत आणलेली कॅसेट टेबलावर ठेवली, तर थोड्या वेळाने ती तिथे नव्हती.

निलेश घरी आल्यावर मी त्याला विचारलं. तो पायातले बूट काढत होता, एक काढून थांबला. "रुमालात गुंडाळलेली? ती आईची आहे," तो म्हणाला. "तिचा आवाज आहे तिच्यात."

सासूबाई धवलारीण होत्या, हे मला माहीत होतं, पण नुसतं एखाद्याची नोकरी माहीत असावी तसं. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गातात. गावदेवीला, वाऱ्याला, गेलेल्या पूर्वजांना नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, ते धवलारिणीनेच. आसपासच्या पाच-सहा गावांत सासूबाईंना बोलावणी यायची. माझी नणंद, वनिताताई, तिच्या लग्नात कुणीतरी त्यांचं गाणं टेप करून घेतलं होतं. एवढी एकच कॅसेट. आमच्या लग्नात धवला झाला नाही. बायकोच्या जागी दुसऱ्या बाईला बसवायला दादांचं मन झालं नाही, हेही मला त्या दिवशीच समजलं. मला तेव्हा वाटलं होतं, शहरातली सून म्हणून यांनी विधी आटोपते घेतले.

म्हणजे सासऱ्यांनी मला अल्बम दिला नव्हता. त्यांनी मला माझ्या सासूची ओळख करून द्यायला घेतली होती, आणि मी ती ओळख थर्मामीटरच्या शेजारी ठेवून दिली होती. वर 'छान आहे' म्हणाले होते. दोन रात्री मला जेवण गेलं नाही. जाऊन कबूल करावं म्हटलं तर दादांसमोर तोंड उघडेना.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या शेतात पोपटी होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब टाकायचे, चर्र करून उडाले की पोपटी झाली. तो अर्धा तास भुकेल्या माणसांना फार मोठा वाटतो. म्हणून वनिताताईने मला छेडलं, "वहिनी, तुमचा तो खेळ घ्या ना, तुमी दुकानात करता तो." मग ठरलं की मडकं निघेपर्यंत प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक काहीतरी सांगायचं.

सूर्य खाडीकडे उतरला होता. निलेशने एक मारामारीचा सिनेमा सांगितला आणि त्यातली सगळी मारामारी करूनही दाखवली. वनिताताईने हळदीत नाचायच्या गाण्यांचा एक अल्बम सांगितला, "पयला गाना सोडून द्यायचा, दुसऱ्यापासून उठायचा," अशा सूचनेसकट. तिच्या नवऱ्याने आपण आयुष्यात काहीच वाचलं नसल्याचं अभिमानाने जाहीर केलं. माझी पाळी आली तेव्हा चक्क मलाच काही सुचेना.

"मी सांगतो," दादा म्हणाले.

 दादा काठीने आगीतला पेंढा सारखा करत होते, आमच्याकडे बघत नव्हते.

"पुस्तक हाय. सर्कशीत आचारी असतो त्याचा. लय मोठा कुटुंब त्याचा, म्हंजे सर्कशीचाच. हत्तीला ताप आला तं हा रात्रभर त्याला पेज करून पाजतो. पन सोताचे घरला कदी जात नाय. का जात नाय, ते अजून सांगला नाय त्यात. भात लावताना त्याचे मनात काय काय येते, ते लिवलंय. ते मी दोनदा वाचला. मग त्याला गावाहून पत्र येते. तो ते पत्र पिठाचे डब्यात ठेवतो, फोडत नाय." त्यांनी पेंढा परत सारखा केला. "तितवरच हाय मना ठावं. एकवीस पानं झाली. मग सूनबायनं पुस्तक नेलान."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दादा," मी म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मना वाटला, औषध बंद केलास," ते म्हणाले. मग विचारलं, "त्यानी पत्र फोडला का नाय?"

ते रोज दुपारी, मी दुकानात असताना, जेवण झाल्यावर चष्मा लावून एक पान वाचत होते. एकच. कारण पाकिटावर एक लिहिलेलं होतं. बंदरातल्या दवाखान्यातून आणलेल्या रक्तदाबाच्या गोळीत त्यांनी कधी खाडा केला नाही, आणि एकाच्या जागी दोन कधी घेतल्या नाहीत. मी दिलेल्या पुस्तकाला त्यांनी तोच मान दिला होता. आजवर शेकडो लोकांना मी मात्रा लिहून दिली असेल, ती शब्दाला शब्द पाळणारा हा एकच माणूस. त्याचं औषध मी अर्ध्यावर काढून घेतलं होतं. डोळ्यांना पाणी आलं, आणि पोपटीच्या धुराचा एक फायदा असा की कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी टाकून मी विचुंब्याला गेले. देशमुखबाई अंथरुणात, पुस्तक छातीवर. "अगं, शेवटची चाळीस पानं राहिलीत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, इथे बसून वाचा, मी थांबते. मी त्यांच्या सुनेबरोबर दोनदा चहा घेतला. पुस्तक संपवून बाईंनी मला शेवटाबद्दल काही सांगायला तोंड उघडलं, तर मी त्यांनाच गप्प केलं. का कोण जाणे, मला वाटलं की आता तो शेवट दादांच्या आधी कुणी उच्चारू नये.

आज दादा ऐंशीच्या घरात आहेत. अजून एकच पान वाचतात, आता भिंग लावून. ते सर्कशीचं पुस्तक त्यांना पुढचं जवळजवळ वर्ष पुरलं. भात लावून झाला, कापून झाला, तरी आचारी आमच्या घरात होता. मध्ये मध्ये जेवताना म्हणायचे, "आज नवीन गावात तंबू लागला." पत्राचं काय झालं ते त्यांना कळलं त्या दुपारी त्यांनी मला दुकानात फोन केला. आयुष्यातला त्यांचा मला आलेला पहिला फोन. "फोडला त्यानी," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. तेव्हापासून मी कुणाला 'वाचलं का' असं विचारत नाही. माझ्या हिशेबी जो रेंगाळतोय तो कदाचित नीट वाचत असेल. मी पुस्तक देते आणि वाट बघते, आणि वाट बघणं मला अजूनही नीट जमत नाही.

पण त्या थंडीतलं शेवटचं सांगायचं राहिलं.

विचुंब्याहून पुस्तक घेऊन मी थेट घरी आले. दुपार होती. दादा ओसरीवर उरलेल्या शेंगा सोलत बसले होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांच्या उशाचं तेच पाकीट आणून एकविसाव्या पानात घातलं आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. शेंगा सोलायला घेतल्या. चार-पाच सोलून झाल्यावर म्हणाले, "दादा, मी ती कॅसेट ऐकलीच नव्हती. खोटं बोलले."

"मना ठावं हाय," दादा म्हणाले.

"मग तुम्ही रागावला नाहीत?"

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. "तू मना पुस्तक दिलंस. तुजे जवल लय पुस्तकं. माजे जवल द्यायला येकच व्हती, ती दिली. आता त्याच्यात रागवायचा काय?"

मी म्हणाले, "मला ऐकायचीय. पण कशावर ऐकू, प्लेअर कुठे मिळत नाही."

दादा उठले, आत गेले. कपाटावर चादरीत गुंडाळलेली एक वस्तू होती, ती मी लग्नापासून शिवणयंत्राचं डोकं समजत होते. ती त्यांनी उतरवून आणली आणि चादर सोडली. आत टेपरेकॉर्डर होता, पुसून लख्ख ठेवलेला. घरात होता. मी एकदा विचारायचा अवकाश होता.

त्यांनी कॅसेट लावली. आधी नुसती खरखर, भांड्यांचे आवाज, लहान मुलाचं रडणं. मग एक आवाज उठला, जाडसर, जरा घोगरा, कुठेही घाई नाही. फोटोतल्या न हसणाऱ्या बाईचा आवाज. ती एकेकाला लग्नाला बोलवत होती. गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, मिठागरातल्या वाऱ्याला बोलावलं, नावं घेऊन कुणाकुणाला बोलावलं, आणि प्रत्येक नावानंतर बाकीच्या बायका मागून झेलत होत्या. मला निम्मे शब्द कळले नाहीत. दादा शेंगा सोलत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला तो सगळा वेळ असं वाटत होतं की आपण उशिरा पोचलेले पाहुणे आहोत आणि तरी कुणीतरी आपल्याला आत ये म्हणतंय.

गाणं संपलं. बायकांची कुजबुज, बांगड्या. मग अगदी जवळून, टेप करणाऱ्याला उद्देशून, तोच आवाज, पण आता हसत:

"पुरं कर रं आता. चाय थंड झाली माजी. बाकीचा निलेशचे लग्नात म्हनू."

खट्. टेप संपली.

दादांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. गाणं कसं वाटलं ते मी सांगेन म्हणून थांबले होते. कुठल्याही गाण्यावर अर्धा तास बोलू शकणाऱ्या मला एक शब्द सुचत नव्हता, छान हासुद्धा नाही.

"दादा," मी म्हणाले, "परत लावा."